मगदूम अण्णांचं पाणी

कराडजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी पहिल्या वर्षाला इनऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या आधी एक प्रकरण येतं: औषधांत वापरली जाणारी आम्लं, अल्कली, अँटिऑक्सिडंट आणि पाणी. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, कारण पुस्तकात नुसत्या याद्या आहेत. मग मी पुस्तक मिटते आणि म्हणते, "अगदी शुद्ध पाणी उपाशी असतं. ज्याच्यात काहीच नाही ते समोर येईल ते खातं. काचेतलं खातं, नळीतलं खातं, हवेतलं खातं. म्हणून त्याला एकटं सोडायचं नसतं." मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघतात. गेल्या वर्षी एका मुलीने हे वाक्य सुंदर अक्षरात कागदावर लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि वर्गाच्या भिंतीवर लावलं.

मी तो कागद काढायला सांगितला नाही. वाक्य माझं नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान औषध कारखान्यात पाण्याच्या खोलीत एकोणतीस वर्षं काम केलेल्या मगदूम अण्णांचं आहे. त्यांच्याकडून मी वाक्यं घेतली, कामाची रीत घेतली आणि शेवटी त्यांची नोकरीही घेतली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कुणी विचारत नाही. तिसरीबद्दल मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी तिथे एम. फार्म. करून क्वालिटी ऑफिसर म्हणून लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पहिल्याच सकाळी पाण्याच्या खोलीत गेले. बुटका, सडसडीत माणूस, निळा गणवेश, कानामागे पेन्सिल. त्यांच्या हातात काचेचा फ्लास्क होता आणि ते उत्तरेकडच्या खिडकीशी तो उजेडात धरून उभे होते. पाणी गुलाबी होतं. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्यांनी मान हलवली, पण फ्लास्कवरची नजर काढली नाही.

"जरा थांबा ताई," ते म्हणाले. "ह्याचं आयकून घेतो, मग तुमचं."

ती रोजची तपासणी होती. पाण्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट घालून उकळायचं. पाण्यात काही घाण असेल तर गुलाबी रंग जातो. नसेल तर राहतो. नियमात पाच मिनिटं उकळायचं म्हणून लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत 'पास' लिहून मोकळे होतात. अण्णा पाचची पाच मिनिटं उभे राहत, आणि नंतरही थोडा वेळ बघत राहत.

खोलीत पुरुषभर उंचीची दोन उभी नळकांडी होती. त्यात रेझिनचे बारीक मणी भरलेले. नळाचं पाणी त्यातून जाताना क्षार मागे सोडत असे. मणी दमले की एका नळकांड्याला हायड्रोक्लोरिक ॲसिडने आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा ताजं करावं लागे. अण्णांनी त्यांना नावं दिली होती, थोरला आणि धाकटा. ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "आज धाकट्याची आंगूळ हाय. दुपारपतूर पानी मागायचं न्हाई." आंघोळीनंतर साध्या पाण्याने खूप वेळ धुणं चाले. सगळं कॉस्टिक निघून गेलंय हे बघायला ते बाहेर येणाऱ्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकत. गुलाबी झालं की अजून कॉस्टिक आहे. सकाळी गुलाबी राहिलं तर पाणी चांगलं आणि दुपारी गुलाबी झालं तर वाईट, हे माझ्या डोक्यात बसेपर्यंत आठवडा गेला. अण्णा हसले नाहीत. "रंगाला काय विचारतासा, रंग कशानं आला त्ये विचारा," एवढंच म्हणाले.

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पिवळी होती. आधी मला हळद वाटली. मग कळलं, ते नायट्रिक ॲसिडने भाजल्याचे जुने वण होते. विट्याच्या बाजूची पुष्कळ माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. अण्णा दहावी झाल्यावर मामांच्या ओळखीने अशाच एका दुकानात कोइमतूरला गेले होते. सहा वर्षं नायट्रिकच्या पिवळ्या धुरात बसून सोन्यातलं तांबं काढलं. छाती बिघडली तसे परत आले. खोकला कायमचा राहिला. त्या दिवसांविषयी ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "तितं समदं सोन्यासाठी चाललेलं. हितं निदान कुनाच्या तरी लेकराच्या पोटात जानार."

ॲसिड ओतताना ते अजिबात बोलत नसत. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग काठाकाठाने त्यात ॲसिड सोडायचं. एखादा नवा माणूस उलटं करायला निघाला, म्हणजे ॲसिडात पाणी ओतायला, तर ते न ओरडता त्याचं मनगट धरत आणि धरूनच ठेवत. तो कारण विचारेपर्यंत सोडत नसत.

कारखान्यात त्यांची एक गंमत सगळे सांगत. सगळ्या वसाहतीत सर्वांत शुद्ध पाणी करणारा हा माणूस स्वतःचं प्यायचं पाणी मात्र घरून आणायचा. अण्णा जैन. घरच्या विहिरीचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून पितळी तांब्यात आणत आणि सूर्य मावळायच्या आत डबा खाऊन मोकळे होत. एकदा मालकांकडे कुणी पाहुणे आले. मालकांनी कौतुकाने सांगितलं, आपल्याकडचं पाणी बघा, याच्यापेक्षा शुद्ध जिल्ह्यात मिळणार नाही, आणि अण्णांना चार ग्लास भरून आणायला पाठवलं. अण्णा मोकळ्या हाताने परत आले.

"मालक, ह्ये पानी मानसाचं न्हाई. औषदाचं हाय."

"अरे, शुद्ध आहे ना?"

"लय शुद्ध हाय. म्हनूनच. त्यात प्यायजोगं काय ऱ्हायलंच न्हाई. त्ये उपाशी पानी हाय, मालक."

पाहुणे हसले. मालकही हसले, पण जरा कमी. माझ्या वर्गातलं ते प्रसिद्ध वाक्य त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय हे मी एम. फार्म.ला पानंच्या पानं लिहिलं होतं. अण्णांना इंग्रजी नाव नीट म्हणता येत नसे. सर्दीच्या सिरपमध्ये चिमूटभर मेटाबायसल्फाइट का घालतात, हे त्यांनी संभा नावाच्या पॅकिंगमधल्या कामगाराला समजावलं ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. "हवा औषदाला खायला टपलेली अस्ती. ही पावडर म्होरं हुबी ऱ्हाती. हवेनं आदी हिला खायाचं. ही संपली की मग औषदाची पाळी. म्हनून ही मोजून घालायची, आन् हिला उगीच कामाला लावायचं न्हाई." मी हेसुद्धा वर्गात सांगते.

याच संभाचा हात अण्णांनी वाचवला. कॉस्टिकचं पिंप सरकवताना झाकण निसटलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत द्रावण सांडलं. संभा किंचाळला. कुणीतरी म्हणालं, ॲसिड लावा, उतारा पडेल. कुणी लिंबू आणायला धावलं. मी, शिकलेली, दारात उभी राहून प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे ते आठवत होते. अण्णांनी संभाला मागून मिठी मारली, तसंच ओढत नळाखाली नेलं, नळ पूर्ण सोडला आणि त्याचा हात पाण्यात धरला. संभा सुटायला धडपडत होता. थंडीचे दिवस होते. दोघंही नखशिखांत भिजले. अण्णा मोठ्याने णमोकार मंत्र म्हणत होते. मला वाटलं, घाबरून देवाचं नाव घेताहेत. नंतर कळलं, ते वेळ मोजत होते. त्यांच्या हिशेबाने इतक्या वेळा म्हटला की वीस मिनिटं होतात. तोवर हात बाहेर काढायचा नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा काय लावलं? अण्णा म्हणाले, "पानी. दुसरं काय न्हाई." डॉक्टर म्हणाले, हात राहिला तो त्यामुळेच.

अशा माणसाच्या हाताखाली, खरं तर त्यांच्यावरची अधिकारी म्हणून, मी पाच वर्षं काढली. ते मला कायम 'ताई' म्हणत, उभे राहून बोलत. मला काही अडलं की मी त्यांच्या खोलीत जाई. माझ्याकडे पदवी होती आणि सही करायचा अधिकार होता. दोन्ही त्यांच्याकडे नव्हतं.

आता तो दिवस.

पर्युषणाचा शेवटचा दिवस होता. अण्णांचा उपवास. धाकट्याची आंघोळ नेमकी त्याच दिवशी आली, कारण त्याचे मणी लवकर दमले होते. पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारं मीटर दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे सगळी भिस्त फिनॉल्फ्थॅलीनच्या थेंबावर. दुपारी धुणं चालू असताना अण्णा माझ्या टेबलाशी आले.

"ताई, बस्तीत जाऊन यिऊ काय? दीड तासात येतो. धुनं चालू हाय. मी आल्याबिगार व्हॉल्व उघडायचा न्हाई, पाटी लावलीया."

बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. मी म्हणाले, "जा की अण्णा. मी आहे." बाहेर जायची चिठ्ठी लिहायला हवी होती. मी म्हणाले, नंतर करू.

ते गेले आणि अर्ध्या तासाने प्रॉडक्शनचे कदमसाहेब आले. लहान मुलांच्या सर्दीच्या सिरपची बॅच अडली होती. टाकी रिकामी, माणसं बसून. "मॅडम, पाणी द्या. मगदूमची पूजा होईपर्यंत लाइन बंद ठेवू का?" मी म्हणाले, बघते.

पाण्याच्या खोलीत गेले. व्हॉल्व्हला पुठ्ठ्याची पाटी दोऱ्याने बांधली होती, पेन्सिलने लिहिलेली: 'धुणं चालू. उघडू नये.' मी परीक्षानळीत पाणी घेतलं, थेंब टाकला. गुलाबी झालं. फिकट, पण गुलाबी. मी नळी खिडकीकडे धरली, मग भिंतीकडे धरली. पांढऱ्या भिंतीपुढे रंग आणखी फिकट दिसतो. मी स्वतःला म्हणाले, जवळजवळ काहीच नाही. पाटी सोडली, बाजूला ठेवली आणि व्हॉल्व्ह उघडला.

टाकी भरल्यावर व्हॉल्व्ह बंद केला आणि पाटी पुन्हा होती तशी बांधली. ही पाटी बांधणं मला विसरता येत नाही. व्हॉल्व्ह उघडला तो घाईत, कदमसाहेबांच्या भिडेला पडून, असं म्हणता येईल. पाटी मी सावकाश बांधली. दोऱ्याची गाठ अण्णांसारखी यावी म्हणून दोनदा सोडून बांधली.

अण्णा आले. त्यांनी व्हॉल्व्हला हात लावला, जमिनीवरचे ओले डाग बघितले, मग माझ्याकडे आले.

"ताई, पानी कुनी घेतलं काय?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी इथेच होते."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

संध्याकाळी सिरपचा पीएच आला तो आठच्या वर. पाचच्या आसपास हवा होता. मला कारण माहीत होतं. थांबून, सांगून, ती बॅच फेकून द्यायला हवी होती. मी कदमसाहेबांना पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून तो खाली आणायला सांगितला. पीएच बसवायला ते वापरतातच, पुस्तकात लिहिलंय. आकडा बरोबर आला. मी सही केली. पण त्याआधी ते औषध दोन तास अल्कलीत पडून होतं, हवा लागत होती, आणि म्होरं उभी राहणारी ती पावडर तेवढ्यात संपून गेली होती. आकडा मागे आणता आला. झालेलं मागे आणता आलं नाही.

दहाव्या दिवशी गोदामात बाटल्या चहाच्या रंगाच्या झाल्या. त्या अजून बाहेर गेल्या नव्हत्या, कुणाच्या लेकराच्या पोटात गेल्या नाहीत. देवाची कृपा म्हणण्याचा अधिकार मला नाही, पण तसं झालं खरं.

मालकांच्या खोलीत चौकशी झाली. मालक, कदमसाहेब, मी आणि अण्णा. अण्णा उभे, बाकीचे बसलेले. राखून ठेवलेल्या पाण्याच्या नमुन्यात कॉस्टिक सापडलं होतं, त्यामुळे प्रश्न एवढाच उरला होता की धुणं पुरं व्हायच्या आत व्हॉल्व्ह कुणी उघडला.

कदमसाहेब म्हणाले, "पाणी मगदूमच्या ताब्यात असतं. आम्हाला टाकी भरलेली मिळाली." ते माझ्याकडे बघत नव्हते. मी तोंड उघडलं तर त्यांनी मागितल्याचं निघणार होतं. त्यांनी उघडलं तर मी दिल्याचं. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो, न बोलता.

मालकांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही माहीत आहे?"

"व्हॉल्व्ह कधी उघडला मला कल्पना नाही," मी म्हणाले. हे मी लेखीही दिलं.

मग मालक अण्णांकडे वळले. "धुणं चालू असताना तू बाहेर गेला होतास म्हणे. कुणाला विचारून गेलास?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी समोरच्या फायलीतलं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला आजही आठवतं, रिकाम्या बाटल्यांच्या खरेदीचा तक्ता होता, त्याचा कशाशी संबंध नव्हता.

"न इचारता गेलो, मालक," अण्णा म्हणाले.

"एकोणतीस वर्षं काम करतोस आणि धुणं सोडून जातोस?"

"चुकलं."

त्यांना काढलं म्हणत नाहीत, 'राजीनामा घेतला' म्हणतात. दोन ओळींचा अर्ज टाइप करून आणला होता, त्यांनी सही केली. पाण्याच्या खोलीत जाऊन पितळी तांब्या घेतला, पेन्सिल कानामागून काढून टेबलावर ठेवली. मी माझ्या खिडकीतून त्यांना गेटपाशी सायकल काढताना पाहिलं. खाली जाऊन अडवायला दोन मिनिटं पुरली असती. मी तिथे उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिलं, आणि मग, मला लिहायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर संभा माझ्याशी आधीसारखा बोलेना. एकदा नमुने द्यायला आला तेव्हा दाराशी थांबला. "मॅडम, एक इचारू? अण्णा कवा न इचारता गेल्यालं तुमी बघितलंय काय?"

"नाही," मी म्हणाले.

"आमीबी न्हाई," तो म्हणाला आणि नमुने ठेवून गेला.

आठ महिन्यांनी मी कॉलेजात नोकरी धरली. मालकांनी शिफारसपत्र दिलं. त्यात 'अत्यंत प्रामाणिक' असे शब्द होते. ते पत्र मी मुलाखतीत दाखवलं.

तीन वर्षं गेली. दरवर्षी ते प्रकरण आलं, मी ते वाक्य म्हटलं, मुलांनी लिहून घेतलं. गेल्या वर्षी भिंतीवर तो कागद लागला तेव्हा मला त्या वर्गात शिकवणं जड जाऊ लागलं. एका रविवारी मी कराडहून मिरजेला गेले आणि तिथून कर्नाटकाच्या हद्दीकडच्या त्यांच्या गावी.

त्या भेटीचं लिहिण्याआधी पुढचं सांगून टाकते. परत आल्यावर त्याच आठवड्यात मी मालकांना पत्र लिहिलं, सगळं, पाटीसकट. त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आता हे कशाला? एवढी वर्षं झाली. कदमही गेले नोकरी सोडून." मी म्हणाले, अण्णांना तुम्ही एक ओळ लिहा, त्यांची चूक नव्हती एवढीच. ते म्हणाले, बघू. त्यांनी लिहिली का, मला माहीत नाही. माघात अण्णा छातीच्या दुखण्याने गेले. संभाने फोन करून कळवलं, तेराव्यानंतर.

तर तो रविवार. गावात ग्रामपंचायतीने पिण्याच्या पाण्याचं फिल्टर बसवलं आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. अण्णा तिथे बसत. बायका कॅन घेऊन येत होत्या. मला बघून ते उठून उभे राहिले, कारखान्यात राहत तसेच. खुर्ची पुढे केली. वाळले होते. बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होते.

"या ताई. कराडास्नं आलासा? ऊन लय झालंय. घरी जाऊया, काकू च्या करील."

मी म्हणाले, चहा नको. मी बसले नाही. वाटेत शंभरदा घोकलेलं बोलणं एकदम निघालं. "अण्णा, तो व्हॉल्व्ह मी उघडला होता. पाटी सोडून उघडला आणि पुन्हा बांधली."

त्यांनी एका बाईचा कॅन भरला, नळ बंद केला, कॅन उचलून तिच्या हातात दिला. ती गेल्यावर म्हणाले, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. गाठ बघून. माजी गाठ हिसडली की सुटती. ती घट हुती."

मी विचारलं, मग मालकांपुढे का बोलला नाहीत. माझं नाव का घेतलं नाहीत. मी परवानगी दिली होती एवढं तरी सांगायचं.

अण्णा जरा वेळ खोकले. मग म्हणाले, "मी नाव घेतलं आसतं, तर तुमी न्हाई म्हनाला असता. त्ये मला तुमच्या तोंडनं आयकायचं न्हवतं." पुन्हा श्वास घेतला. "आन् मला वाटलं, तुमी सांगशीला. आज न्हाई तर उद्या. पयल्या वर्सी वाटच बघितली मी. दारात गाडी वाजली की काकू म्हनायची, कारखान्याची हाय काय बघा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"माझं चुकलं, अण्णा."

"व्हय," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. जाऊ द्या म्हणाले नाहीत. "पर ताई, मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. मालकास्नी सांगा. संभाला सांगा. माज्या जावयाला सांगा, त्यो अजून म्हनतोय, सासऱ्यानं कामात कसूर केली."

मी मान हलवली. आणखी दोन बायका आल्या. ते त्यांचे कॅन भरत राहिले, मी शेडच्या खांबाशी उभी राहिले. निघते म्हणाले तेव्हा त्यांनी शेडला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले. मी नको म्हणत होते. त्यांना दम लागत होता, दोनदा थांबावं लागलं.

गावाच्या फाट्यावर एसटीचा थांबा आहे, पण दुपारची गाडी बहुतेक वेळा न थांबता जाते. लांबून बस दिसली. चालक वेग कमी करीना. तेव्हा अण्णा रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. बसने हॉर्न दिला, ते हलले नाहीत. बस त्यांच्यापासून चार हातांवर थांबली. चालक काहीबाही बोलला. अण्णा त्याला म्हणाले, "आमच्या ताई हायेत. मिरजंला उतरायचंय." कंडक्टरने दार उघडलं.

मी चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. बाहेर पाहिलं. अण्णा अजून रस्त्याच्या मध्येच होते, एक हात गुडघ्यावर टेकून, वाकून श्वास घेत. बस त्यांना वळसा घालून निघाली. त्यांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. श्वास बसल्यावर ते सरळ झाले आणि शेडच्या दिशेने चालू लागले. कुलपाशी कॅन घेऊन एक बाई केव्हाची थांबलेली दिसत होती.